पेपर वाचून पेशंट वाचतो का?

पत्र असं आहे:

"नाना, नमस्कार. मी एमबीबीएस करून सातपुड्याच्या पायथ्याशी एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर म्हणून लागलेय. कॅज्युअल्टी बऱ्याचदा माझ्याकडेच, रात्री तर हमखास. फवारणीचं औषध प्यायलेले, साप, इच्चू, हायवेचे ॲक्सिडेंट, मे महिन्यात ऊन लागलेले, सगळं येतं. जमेल तसं नवीन रिसर्च वाचत असते. आमच्या डॉक्टरांचा एक मोठा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर मी मध्ये श्रीलंकेचा २००९ चा पेपर टाकला आणि लिहिलं की ऑर्गनोफॉस्फरस जातीच्या फवारणीच्या औषधाच्या विषबाधेत, उतारा म्हणून देतो त्या पॅमचा काही उपयोग नाही, आपण का देतो? त्यावर एका सिनियर सरांनी लिहिलं, 'मॅडम, पेपर वाचून पेशंट वाचत नाही.' लगेच वीस-पंचवीस हसणारे इमोजी. तेव्हापासून मी गप्प आहे. त्याच ग्रुपवर पेशंटचे फोटो मात्र सर्रास पडतात, त्याला कोणी काही बोलत नाही. दुसरं, विषबाधेच्या पेशंटच्या नोंदींची एक वही मी स्वतः ठेवलीये. एका जर्नलचा मेल आलाय, पैसे भरा, आठवड्यात छापून देतो. छापू का? आणि ग्रुपवर बोलू का गप्पच बसू? – एक एमओ"

बेटा,

आधी ते इमोजी डोक्यातून काढून टाक. हसायला एक अंगठा लागतो, पेपर वाचायला अर्धा तास लागतो, आणि तो पेपर तर फुकट उघडतो तरी त्या पंचवीसातल्या किती जणांनी उघडला असेल हे तुलाही माहितीये आणि मलाही. सरांचं वाक्य मात्र मी बाजूला टाकणार नाही, कारण ते अर्धं बरोबर आहे. आणि तुझी पोस्टही अर्धीच बरोबर होती. तुला राग येईल, पण विचारलंस म्हणून सांगतो.

श्रीलंकेच्या त्या ट्रायलमध्ये २३५ पेशंट होते, साधारण निम्म्यांना पॅम म्हणजे प्रॅलिडॉक्सिम आणि निम्म्यांना नुसतं सलाईन. पॅमवाल्यांच्या रक्तातलं, विषाने बंद पाडलेलं एन्झाइम पुन्हा कामाला लागलेलं दिसलं, पण मृत्यू काही कमी झाले नाहीत, उलट पॅमवाल्यांत २५ टक्क्यांच्या आसपास गेले आणि सलाईनवाल्यांत १६ टक्क्यांच्या आसपास. ट्रायल मधेच थांबली त्यामुळे ठरले होते तेवढे पेशंट भरलेच नाहीत, आणि एवढ्या संख्येत हा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे त्या पेपरातून "पॅमने जीव वाचतो असं आम्हाला दिसलं नाही" एवढं निघतं. "पॅमचा काही उपयोग नाही" हे तू तुझ्या पदरचं जोडलंस.

आता दुसरा पेपर घे, तो तर आपल्याच राज्यातला. बारामतीच्या डॉक्टरांनी २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापलेला. २०० पेशंट, मध्यम ते गंभीर विषबाधेचे, आयसीयूत ठेवलेले. तिथे पॅम सगळ्यांनाच दिलं. पहिला दोन ग्रॅमचा डोस सगळ्यांना सारखा, त्यानंतर १०० जणांना दर चार तासांनी एक ग्रॅम आणि १०० जणांना दर तासाला एक ग्रॅम असं सलग ४८ तास. सलगवाल्यांत एक पेशंट गेला, दुसऱ्या गटात आठ गेले. तुझ्या सरांच्या पिढीने हा पेपर ऐकलाय, कॉन्फरन्समध्ये त्याच्यावर टाळ्या वाजवल्यात, आणि तू एका सकाळी येऊन म्हणतेस उपयोग नाही, मग ते चिडणार नाहीत तर काय.

पण नीट बघ, दोन्ही ट्रायलनी विचारलेला प्रश्नच वेगळा आहे. श्रीलंकेने विचारलं द्यायचं की नाही, बारामतीने विचारलं द्यायचं ठरलं तर किती. पेशंट वेगळे, पोचायची वेळ वेगळी, आयसीयू वेगळं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाटली वेगळी. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट ही डायमिथाइल जातीची औषधं, यांनी बांधलेलं एन्झाइम काही तासांतच कायमचं निकामी होतं, मग बारा तासांनी आलेल्या पेशंटला पॅम लावून फारसं हाती लागत नाही. क्लोरपायरिफॉस डायइथाइल, तिथे हीच गोष्ट व्हायला दिवस लागतात, म्हणून उशिरा दिलं तरी काही आशा असते. आणि आपल्या खान्देशात कपाशीवर जे प्रोफेनोफॉस मारतात त्याची रचना आणखीनच वेगळी, त्याला पॅम जवळपास दादच देत नाही. आता सांग, बाटली न विचारता पॅम चांगलं की वाईट यावर ग्रुपवर भांडणं म्हणजे रावेरच्या केळीचा भाव ऐकून शहाद्याच्या बाजारात हुज्जत घालणं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की रिसर्च शेअर करताना नुसता निकाल टाकू नको. पेशंट कोण होते, किती वेळात आले होते, तिथे काय सोय होती आणि आपल्याकडे कुठपर्यंत लागू पडतं, हे चार शब्द निकालाच्या सोबत गेले पाहिजेत, नाहीतर ती माहिती नाही, ती बातमी. समज तू असं लिहिलं असतंस: "सर, श्रीलंकेच्या २००९ च्या ट्रायलमध्ये पॅमने मृत्यू कमी झाले नाहीत, बारामतीच्या २००६ च्या ट्रायलमध्ये सलग जास्त डोसने कमी झाले. आपल्याकडे प्रोफेनोफॉसचे आणि उशिरा आलेले पेशंट बरेच असतात. तुम्ही कोणाला देता, कोणाला नाही?" यावर "पेपर वाचून पेशंट वाचत नाही" असं लिहिता येतं का बघ. नाही येत. उत्तरच द्यावं लागतं, आणि खरं सांगू का, सरांकडे ते उत्तर असणार. इतकी वर्षं विषाचे पेशंट बघितलेला माणूस बाटलीचा वास आणि घड्याळ बघूनच ठरवत असतो, फक्त त्याने ते कधी कागदावर मांडलेलं नसतं.

आणि अजून एक. पॅमवर भांडणारे दोन्हीकडचे लोक ज्या औषधावर भांडत नाहीत ते म्हणजे ॲट्रोपिन, या विषावरचा पहिला उतारा, आणि आपल्याकडे जीव जातात ते बरेचदा तिथेच जातात. नातेवाईक ट्रॅक्टरमधून आणतात, "डॉक्टर, याना तोंडमाथून फेस ई ऱ्हायना" म्हणतात, आणि आपण दोन अँप्युल मारून पंधरा मिनिटांनी बघू म्हणतो. बांगलादेशात चितगावला एक ट्रायल झाली, २०१२ साली छापून आली, दीडशेच्या वर पेशंट. एका गटाला जुन्या पद्धतीने ठराविक बोलस (एकदम दिलेला डोस) आणि मग सावकाश ड्रिप, दुसऱ्या गटाला डोस दुप्पट करत जायचं आणि मग पेशंट बघून ड्रिप. जुन्या पद्धतीत २२ टक्क्यांच्या वर गेले, दुप्पटवाल्या गटात ८ टक्के. नवीन औषध नाही, महागडं मशीन नाही, तीच अँप्युल, फक्त देण्याची रीत बदलली. तुला ग्रुपवर टाकायचाच असेल तर हा पेपर टाक, कारण उद्या सकाळी अक्कलकुव्यापासून मुक्ताईनगरपर्यंत कुठल्याही पीएचसीत हे करता येतं.

रीत तुला माहीत असेलच, तरी लिहितो कारण हे सदर इतर एमओ पण वाचतात (बाकीच्या वाचकांनी हे घरी करायचं नाही, बाटली घेऊन सरळ दवाखाना गाठायचा). आपल्याकडची अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची. मोठ्या माणसाला तीन ते पाच अँप्युलने सुरुवात, पाच मिनिटांनी बघायचं, सुधारणा नाही तर दुप्पट, परत पाच मिनिटं, परत दुप्पट. बघायचं काय तर छातीतली घरघर गेली का, नाडी ८० च्या वर आली का, वरचं बीपी ८० च्या वर आहे का, काख कोरडी झाली का, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी राहिली नाही ना. बाहुलीसाठी अडून बसायचं नाही, ती उशिरा मोठी होते, छाती महत्त्वाची. मग जेवढं लागलं त्याच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमध्ये. आणि पेशंट बडबडायला लागला, अंग तापलं, पोटाचे आवाज बंद झाले तर जास्त झालं, थांबवून परत कमी वेगाने सुरू करायचं. ॲट्रोपिनने घाम बंद होतो, आणि आपल्याकडच्या पत्र्याच्या वॉर्डात उन्हाळ्यात घाम बंद झालेल्या माणसाचा ताप कुठे जाईल विचार कर. हे शेवटचं वाक्य परदेशातल्या पॉडकास्टवर कोणी सांगणार नाही, कारण त्यांचा वॉर्ड एसी असतो.

पॉडकास्टवरून आठवलं. इमर्जन्सी मेडिसिनवाल्यांची ही एक खोड मला फार आवडते, ही मंडळी ज्ञान उघड्यावर फुकट वाटतात. २०१२ साली डब्लिनच्या परिषदेच्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या माइक कॅडोगन आणि त्यांच्या मित्रांनी या फुकट शिकवण्याच्या चळवळीला नाव दिलं आणि मग ती जगभर पसरली. आपल्याकडे तर ही शाखा एमडीसाठी २००९ साली मान्य झाली, त्यामुळे आपल्या भागातल्या पोरांना शिकवणारे गुरु सुरुवातीला तिकडचेच होते. ऐक तू, जरूर ऐक. फक्त तिकडे सीटी स्कॅन बाजूच्या खोलीत असतो आणि तुझा सीटी दोन तास लांब असतो, हे डोक्यात ठेवून ऐक.

कुठपर्यंत लागू पडतं हे न सांगता निकाल पसरला की काय होतं याचं मला सगळ्यात जास्त दिसणारं उदाहरण म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, रक्तस्राव थांबवायचं औषध. क्रॅश-२ नावाची ट्रायल, २०१० साली लॅन्सेटमध्ये आली, ४० देश, २० हजारांवर जखमी पेशंट, त्यात भारतातले पण भरपूर. अपघातात रक्तस्राव होणाऱ्यांना एक ग्रॅम दहा मिनिटांत आणि मग एक ग्रॅम आठ तासांत दिलं तर मृत्यू कमी होतात. स्वस्त औषध, धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हायवे एकमेकांना छेदतात तिथे रोज लागणारं. पण दुसऱ्या वर्षी त्याच लोकांनी आकडे फोडून दाखवलं की फायदा तीन तासांच्या आत, त्यानंतर दिलं तर रक्तस्रावाने मरणारे उलट वाढतात. हे दुसरं वाक्य प्रवासात गळून पडलं. आता सहा तासांनी रेफर होऊन आलेल्याला पण "ट्रॅनेक्सा दिलं ना" असं विचारतात. आणि रक्त थांबवतं म्हणून दारूने लिव्हर गेलेल्या रक्ताच्या उलटीच्या पेशंटलाही देतात, त्याच्यावर तर २०२० मध्ये हाल्ट-आयटी नावाची १२ हजार पेशंटची ट्रायल आली, फायदा शून्य, वर शिरेत गाठी आणि फिट जास्त. हे सांगणारी पोस्ट तुझ्या ग्रुपवर किती वेळा पडली?

आता ग्रुपचं. तीनशे लोकांच्या ग्रुपवर ज्ञान वाटलं असं वाटतं, पण तिथे गुड मॉर्निंग आणि औषध कंपनीच्या सीएमईच्या (डॉक्टरांच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांच्या) फ्लायरमध्ये सगळं वाहून जातं. ज्याच्या हातून काम होतं त्याला सांग ना. तुझ्या रुग्णालयात रात्री दोन वाजता साप चावलेला आला की पहिला हात सिस्टरचा लागतो. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट घे. दोन मिली रक्त, काचेच्या नव्या कोऱ्या कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये, वीस मिनिटं हात न लावता, मग एकदा तिरकी करून बघायची. आता कोणी साबणाने धुतलेली ट्यूब घेतली किंवा प्लास्टिकची घेतली किंवा दर दोन मिनिटांनी हलवून बघितली, तर रक्त गोठत नाही असं खोटंच दिसतं आणि गरज नसताना अँटिस्नेक व्हेनम सुरू होतं. लॅन्सेटमध्ये काहीही छापून येऊ दे, तुझ्याकडे ती टेस्ट खरी ठरते की खोटी हे ट्यूब कोण धुतं त्याच्यावर आहे. तर त्या मावशीला आणि सिस्टरला शिकव. आणि टेस्ट नॉर्मल आली म्हणून मण्यारवाल्याला घरी सोडू नका, हे पण भिंतीवर लाव, मण्यार रक्त बिघडवत नाही, ती पापण्या पाडते आणि मग श्वास. रात्री जमिनीवर झोपलेला, जखम दिसत नाही, पोटात दुखतंय म्हणतो, पहाटे डोळे उघडत नाहीत, असा पेशंट आपल्या पट्ट्यात दर पावसाळ्यात असतो.

तसंच १०८ वाले. राज्यात २०१४ पासून ही गाडी आहे, आत डॉक्टर असतो, बहुतेक बीएएमएस, आणि त्यांना कोणी ग्रुपात घेत नाही. उन्हाचा पेशंट त्यांच्याच हाती पहिला येतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बेशुद्ध, तापलेला, असंबद्ध बोलणारा माणूस पॅरासिटामॉल आणि सलाईन लावून दीड तास रेफर करत नेण्यात काही अर्थ नाही. उष्माघातात पॅरासिटामॉल काम करत नाही, तो ताप वेगळ्या कारणाचा. आधी थंड करायचं मग हलवायचं, ताडपत्रीत झोपवून बर्फाचं पाणी ओतून चारही कोपरे धरून हलवत राहायचं, अर्ध्या तासात आतलं तापमान ३९ च्या खाली. गावात बर्फाचा कारखाना कुठे आहे आणि रात्री कोण उघडून देतं हा नंबर गाडीत चिकटवलेला असला पाहिजे. यालाही नॉलेज शेअरिंगच म्हणतात बरं का, फक्त याचं सर्टिफिकेट मिळत नाही.

पेपर पूर्ण मिळत नाहीत ही तुझी पुढची तक्रार असणार, पत्रात लिहिली नाहीस तरी मला माहितीये. नुसता ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे सारांश वाचून पोस्ट टाकायची नाही, हा नियम कर. केंद्राची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना २०२५ पासून सुरू झालीये, सरकारी कॉलेजांना हजारो जर्नल उघडी झालीत. ग्रामीण रुग्णालय त्यात नाही, पण तुझे बॅचमेट कुठे ना कुठे पीजी करतच असतील. वाचायचा पेपर त्यांच्याकडे बसून वाच, चहा तू पाज.

आता वही. माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती आहे आणि तू ती शेवटी दोन ओळीत उरकलीस. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठव. कोकणातल्या सरकारी दवाखान्यात लाल विंचू चावलेली पोरं डोळ्यादेखत जायची, हे रात्र रात्र पेशंटशेजारी बसून नाडी, बीपी, फुफ्फुसं लिहीत राहिले, १९८२ साली लॅन्सेटमध्ये त्यांचं पत्र आलं, १९८६ मध्ये प्राझोसिनवर लिहिलं. प्राझोसिन म्हणजे बीपीची साधी गोळी. तिने ते चित्र बदललं आणि आज देशभर पहिला डोस तोच देतात. मला त्याहून आवडतं ते पुढचं, आपलं औषध लागू पडलं म्हणून ते तिथे थांबले नाहीत, अँटिव्हेनम आल्यावर नुसतं प्राझोसिन आणि प्राझोसिन अधिक अँटिव्हेनम अशी तुलना केली, दोन्ही मिळून पेशंट लवकर बरे होतात असं निघालं आणि २०११ साली बीएमजेत छापलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली ते तुला माहीत असेल. त्यांच्याकडे ना पीजी डिपार्टमेंट होतं ना स्टॅटिस्टिक्सवाला, वही होती.

तर तुझ्या वहीत काय आहे ते मला माहीत नाही पण काय असायला पाहिजे ते सांगतो. प्यायल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ वेगवेगळी, कारण मधला वेळ हाच अर्धा आजार आहे. बाटलीवरचं नाव, "फवारणीचं औषध" एवढंच नको. पहिल्या तासात ॲट्रोपिन किती गेलं. श्वासाची नळी घातली का, कुठे रेफर केलं. आणि शेवटचा रकाना, जो सगळ्या ग्रामीण नोंदींत रिकामा असतो, पेशंटचं पुढे काय झालं. आपण रेफर लिहितो आणि विषय संपतो. पण गंभीर तेच रेफर होतात ना, मग तुझ्याकडे राहिलेल्यांचा हिशोब मांडलास तर मृत्यूदर इतका छान दिसेल की तुला वाटेल आपण फार भारी काम करतोय. धुळ्याला किंवा जळगावला फोन लावून विचार, नातेवाईकांना विचार, तो रकाना भर. हे कंटाळवाणं काम आहे, पण वहीला किंमत येते ती इथेच.

मग जर्नल. आठवड्यात छापतो म्हणणारा वाचत नाही, एवढं साधं आहे. चांगली ओपन ॲक्सेस (वाचकाला फुकट उघडणारी) जर्नलं पण पैसे घेतात, त्यामुळे पैसे मागितले म्हणजे फसवणूकच असं नाही, पण ती पेपर परीक्षकांकडून तपासून, स्वीकारून मग मागतात, आणि गरजेला सूटही देतात. मेल पाठवून "आदरणीय प्रोफेसर" म्हणत एका एमओला बोलावत नाहीत. मेडलाइन या जर्नलांच्या यादीत आहे का बघ, संपादक मंडळातल्या दोघांची नावं शोधून ते खरंच तिथे आहेत का बघ. नसेल तर मेल डिलीट. तुझी वही एकदा तिथे छापली की दुसरीकडे कोणी घेणार नाही, पैसे तर जातीलच.

त्याऐवजी मेडिकल कॉलेज गाठ. धुळ्याचं जुनं आहे, जळगावचं २०१८ ला सुरू झालं, नंदुरबारचं त्यानंतर, म्हणजे आता तिन्ही जिल्ह्यांत आहे, पूर्वी हे सुख नव्हतं. तिथल्या कम्युनिटी मेडिसिनवाल्यांना आणि मेडिसिनच्या एखाद्या उत्साही लेक्चररला वही दाखव. त्यांना पेपर हवे असतात, तुझ्याकडे पेशंट आहेत, सौदा चांगला आहे, फक्त लेखकांच्या यादीत तुझं नाव कुठे येणार हे पहिल्याच बैठकीत बोलून घे, लाजू नको. जुन्या नोंदींवरचा अभ्यास असला तरी एथिक्स कमिटीची परवानगी लागते, ती त्यांच्याकडून होईल. तुझ्या अधीक्षकांना आणि सिव्हिल सर्जनला लेखी कळव, सरकारी नोकरीत मागून कळलं की काम चांगलं असलं तरी स्पष्टीकरण मागतात.

फोटोंबद्दल तू विचारलं नाहीस, नुसता उल्लेख केलास, पण मी सोडणार नाही. विष घेतलेला पेशंट म्हणजे एमएलसी, पोलिसांना कळवायची केस. "अमुक गावची २२ वर्षांची सून" एवढं लिहिलं की अख्ख्या तालुक्याला कळतं, नाव झाकून काही होत नाही. चेहऱ्यावर काळी पट्टी मारतात आणि हातावरचं गोंदण तसंच ठेवतात, आपल्याकडच्या आदिवासी बायांना त्यावरून घरचे काय, शेजारचे पण ओळखतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही असं सांगितलंय, आणि आपण त्याची ग्रुपवर जत्रा भरवतो. ईसीजी टाका, एक्स-रे टाका, नाव-नंबर कापून. माणूस टाकायचा असेल तर त्याला विचारून, त्याच्या भाषेत समजावून, आणि सही घेऊन. ग्रुपवर यावर बोलणार असशील तर कोणाचं नाव घेऊ नको, ॲडमिनला पर्सनलवर लिही, नियम त्याच्या नावाने येऊ दे.

आणि सर. त्यांना भेटायला जा, ग्रुपवर उत्तर देऊ नको. दुपारची ओपीडी संपल्यावर, दोन्ही पेपर प्रिंट करून, बारामतीचा वर ठेव. त्यांना विचार, प्रोफेनोफॉसवाल्याला तुम्ही काय करता. ते बोलतील, बहुतेक खूप बोलतील, ते लिहून घे. मग दोघं मिळून एक पान करा, ॲट्रोपिन कसं, पॅम कोणाला, कधी रेफर, आणि त्यावर त्यांचं नाव आधी टाक. याला राजकारण म्हणशील तर म्हण, तेच पान तू एकटीने टाकलंस तर पंचवीस इमोजी आणि त्यांनी टाकलं तर तीनशे लोक प्रिंट काढतील. ते भेटलेच नाहीत किंवा झटकून टाकलं, तर तुझ्या कॅज्युअल्टीपुरतं पान तू कर आणि भिंतीला लाव, अधीक्षकांची सही घेऊन, त्यासाठी ग्रुपची परवानगी लागत नाही.

हे पान लावण्याआधी मात्र एकदा स्टोअरला जा. तीन, मग सहा, मग बारा, मग चोवीस, असं तीनदा दुप्पट झालं की पंधरा मिनिटांत एका पेशंटला ४५ अँप्युल लागतात, पुढची ड्रिप वेगळी. तुझ्या ट्रेमध्ये आत्ता किती आहेत ते मोज, मोठी व्हायल मिळत असेल तर ती मागव, एक्सपायरी बघ. कपाशीची फवारणी सुरू झाली की सगळ्या तालुक्यांचे इंडेंट म्हणजे औषधांचे मागणीपत्र एकदम जातात आणि मग कोणालाच वेळेवर मिळत नाही, म्हणून तुझा या आठवड्यातच टाक.

– नाना